काश्मीर, एफडी आणि मेहुण्याचं गहाण सोनं

सांगलीच्या विश्रामबागेतून आलेलं पत्र लांब आहे. त्यातलं हिशेबापुरतं आधी सांगतो. वाचक ४९ वर्षांचे, कुपवाड एमआयडीसीत कायम नोकरीला, हातात पगार ४८ हजार. घराचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ४३ हजार. पत्नीला गेल्या उन्हाळ्यात स्तनाचा कर्करोग निघाला, दुसऱ्या टप्प्यातला. मिरजेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. मधे परळला टाटा मेमोरियलमध्ये दुसरं मत घेऊन आले, तिथे सहा महिन्यांनी दाखवायला जातात. आता दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचं इंजेक्शन चालू आहे. अजून ११ बाकी, एकाचे सगळं मिळून २२ हजार. वहिनींचं शिवणकाम महिन्याला आठेक हजार द्यायचं, ते बंद आहे.

शिल्लक अशी: राष्ट्रीयीकृत बँकेत ६ लाखांची एफडी, दोन वर्षांची, त्यातले १६ महिने झालेत. एका पतसंस्थेत २ लाख २० हजारांची ठेव, मुदत ऑक्टोबरपर्यंत. म्युच्युअल फंडात १ लाख ८० हजार, घरात १२ तोळे सोनं. कंपनीच्या ग्रुप आरोग्य विमा पॉलिसीचे ३ लाख केमोतच संपले. देणं: द्राक्षबागायतदार धाकट्या भावाचे दीड लाख आणि मेहुण्याचे १ लाख. शिवाय कारखान्यातल्या लोकांनी ६० हजारांची वर्गणी काढून दिली.

त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "मे महिन्यात काश्मीरला जायचं म्हणतोय. आम्ही चौघं आणि आई. टूरवाला २ लाख ४० हजार सांगतोय. एफडी मोडू का? भाऊ म्हणतो, येडा झालायस का. पण पुढचं वर्ष कुणी बघितलंय? आणि आल्यावर सगळ्यांना एक जेवण घालायचं आहे, ९० हजारांत बसेल."

एफडी मोडू नका. या मेमध्ये काश्मीरही नको. फिरायला मात्र जा, पावसाच्या आधी जा. कुठे ते खाली येईल.

आधी "पुढचं वर्ष कुणी बघितलंय" याबद्दल, कारण पत्रातला खरा मुद्दा तोच आहे. हे वाक्य मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या काही घरांना मी स्वतः सांगितलंय की मोडा एफडी, विका सोनं आणि जा. डॉक्टरांनी तिथे स्पष्ट केलं होतं की आजार पसरलाय, औषधं तो आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत. अशा घरात पाच वर्षांनंतरच्या व्याजाचा हिशेब मांडत बसणं मला क्रूरपणाचं वाटतं. पण तुमच्या फाइलीत दुसरा टप्पा लिहिलाय आणि वर्षभराचं इंजेक्शन लिहून दिलंय. यावरून उपचार आजार बरा करण्याच्या हेतूने चाललेत असं दिसतं. दिसतं म्हणतोय, कारण मी डॉक्टर नाही. पुढच्या इंजेक्शनला जाल तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: "हे उपचार बरं करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी?" बहुतेक नवरे हा प्रश्न विचारायचं टाळतात आणि उत्तर वाईटच असणार असं धरून खर्चाचे निर्णय घेतात. उत्तर "बरं करण्यासाठी" असं आलं, तर वहिनींना पुढची वीस-पंचवीस वर्षं जगायची आहेत असंच धरून पैसा मांडला पाहिजे. उत्तर वेगळं आलं, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि मला पुन्हा लिहा. माझा सल्ला बदलेल.

आता एफडी. ६ लाख मोठे दिसतात, पण त्यांना वाटा आधीच फुटलेत. ११ इंजेक्शनांचे २ लाख ४२ हजार, मधली हृदयाची इको आणि तपासण्या धरून २ लाख ६० हजार. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचे तुम्ही लिहिलेले १ लाख १० हजार. अडीनडीला चार महिन्यांचा घरखर्च, १ लाख ७२ हजार. एरवी मी सहा महिन्यांचा ठेवायला सांगतो, पण तुमची नोकरी कायम आहे आणि मागे १२ तोळे आहेत, म्हणून चारवर थांबलो. उरले ५८ हजार. फिरण्यासाठी तुमच्याकडे आज एवढेच आहेत. २ लाख ४० हजारांतले बाकीचे इंजेक्शनांतून किंवा मुलीच्या फीमधून जाणार, मग ते तुम्ही कुठल्याही खात्यातून काढा.

आणि हे ५८ हजारसुद्धा एफडी मोडून काढू नका. मुदतीआधी मोडली की बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, शिवाय दर लावतात तो ठेव जितके दिवस राहिली त्या मुदतीचा. ६ लाखांवर १६ महिन्यांचा एक टक्का म्हणजे ८ हजार रुपये. त्याऐवजी त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट मागा, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज. साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने, आणि व्याज उचलाल तेवढ्यावरच. इंजेक्शन, फी, फिरणं सगळं लागेल तसं यातून उचललं, तरी नोव्हेंबरात एफडी पिकेपर्यंत जास्तीचा भुर्दंड ४ हजारांच्या आत राहील. म्युच्युअल फंडाला हात लावू नका. सोनंही राहू दे.

इथवरचा हिशेब तुमचे आकडे जसेच्या तसे घेऊन केलाय. त्यातले दोन-तीन आकडे बदलू शकतात असं मला वाटतं, आणि त्यासाठी काश्मीरच्या ब्रोशरपेक्षा जास्त वेळ द्यायला हवा.

पहिला आकडा ग्रुप पॉलिसीचा. "संपली" म्हणजे त्या वर्षाची रक्कम संपली. पॉलिसीचं नवं वर्ष सुरू झालं की विमा रक्कम पुन्हा पूर्ण मिळते. तुमच्या कंपनीचं नूतनीकरण कोणत्या महिन्यात आहे ते पत्रात नाही. एचआरमध्ये विचारा. ट्रास्टुझुमॅब हे मोनोक्लोनल अँटीबॉडीचं इंजेक्शन आहे आणि विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना वगळू नका असं कंपन्यांना सांगितलंय, त्या यादीत असे उपचार आहेत. पॉलिसीत त्याला वेगळी मर्यादा असू शकते, तेवढं वाचून घ्या. तसंच, तुम्ही आणि मुलं मिळून स्वतंत्र ५ लाखांची पॉलिसी आत्ताच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. वहिनींना नवी पॉलिसी मिळणं आता अवघड आहे, म्हणूनच नोकरी बदलायचा विचार असेल तर ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते राजीनाम्याच्या आधी पाहा.

दुसरा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. "आमचं कार्ड पांढरं" असं लिहून तुम्ही विषय संपवलात. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. झालेल्या बिलांचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण योजना कॅशलेस चालते. पण पुढच्या ११ इंजेक्शनांचं काय, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून विचारता येतं. एका सकाळचं काम आहे.

तिसरा, मुलीची फी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधीपासून शिकणाऱ्या मुलींनाही. तुमचं उत्पन्न यात बसतं. प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. बसत असेल आणि तरी फी भरत असाल, तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन बसा.

कोणी ८०डीडीबीखाली, म्हणजे गंभीर आजाराच्या उपचारखर्चावरच्या आयकर वजावटीखाली, कर वाचवा असं सांगेल. ती वजावट जुन्या करप्रणालीतच आहे, आणि तुमच्या पगारावर नव्या प्रणालीत करच लागत नाही. सोडून द्या. त्यापेक्षा परळच्या फेऱ्यांचं पाहा: तुम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने पूर्ण तिकीट काढून जाता. उपचाराला किंवा तपासणीला जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीमध्ये भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. सहलीला ही सवलत चालत नाही.

यातला एक जरी दरवाजा उघडला तर काश्मीर पुढच्या मेमध्ये आरामात बसतं. नोव्हेंबरात इंजेक्शनं संपतील, एफडी हातात येईल, वहिनींचं मशीन पुन्हा चालू झालं तर तेही पैसे. आत्ता नको म्हणण्याला पैशापलीकडचीही कारणं आहेत. या इंजेक्शनात हृदयावर लक्ष ठेवावं लागतं, इको त्यासाठीच असते, आणि गुलमर्गचा गोंडोला वरच्या टप्प्यात ४ हजार मीटरच्या जवळ जातो. शिवाय एखादं इंजेक्शन तापामुळे आठवडाभर पुढे गेलं तरी टूरवाल्याची तारीख हलत नाही. प्रवास जवळ येईल तसे रद्द करण्याचे पैसे वाढत जातात. प्रवास विम्याच्या भरवशावर राहू नका, आधीपासून असलेल्या आजाराला तो बहुधा हात वर करतो.

तर मग कुठे जायचं? ते तुमच्याच पत्रात आहे, तिसऱ्या पानाच्या तळाशी: "ती म्हणते गणपतीपुळ्याला बहिणींबरोबर चार दिवस राहू, पण तेवढ्याने काय होतंय." काश्मीर कोणाला हवंय, दादा? वहिनींना हवंय असं पत्रात कुठेही नाही. केमोच्या काळात पलूसची आणि विट्याची बहीण आळीपाळीने पंधरा-पंधरा दिवस येऊन राहिली, स्वयंपाकापासून डब्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, असं तुम्हीच लिहिलंय. त्या दोघींना घेऊन जा. कोल्हापूर, आंबा घाट, रत्नागिरी करत गाडीने पाच-सहा तास. तीन खोल्या, तीन रात्री, एक भाड्याची गाडी, मासे आणि मोदकांसकट ५० हजारांत होईल. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस टाळलेत तर त्याहून कमी. गरज पडली तर रत्नागिरीचं सिव्हिल हॉस्पिटल तासाभरात आहे. दोन इंजेक्शनांच्या मधले दिवस डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि रेडिएशन झालेल्या कातडीला ऊन चालत नाही, म्हणून किनाऱ्यावर सकाळ-संध्याकाळच. उरलेले ८ हजार काढून ठेवा, गाडी घाटात काहीतरी मागतेच.

जेवण मात्र रद्द करा. ९० हजारांत तीनशे पानं उठतील, त्यातल्या बऱ्याच जणांनी वर्षभरात फोनही केलेला नसेल. ज्यांनी वर्गणी काढली ते लोक कारखान्यात आहेत. ते पैसे उसने नव्हते, परत करायला जाऊ नका, त्यांना वाईट वाटेल. पेढे घेऊन जा, प्रत्येकाला हातात द्या, आणि वहिनींना बरं वाटत असेल त्या दिवशी त्यांनाही न्या. परळला जाता तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरता, तिथे काही द्यायचं मनात आहे असं लिहिलंय. द्या, पण नोव्हेंबरनंतर.

राहिलं देणं. "लोक म्हणतील, उसने घेऊन फिरायला गेले" ही भीती पत्रभर आहे. तिच्यावर उपाय म्हणजे जायच्या आधी मेहुण्याचा विषय मिटवणं. त्याने स्वतःचं सोनं गहाण ठेवून तुम्हाला १ लाख दिलेत. सोनं त्याचं अडकलंय आणि व्याजाचं मीटर त्याच्या नावावर पळतंय, हे तो बोलणार नाही. पतसंस्थेतले २ लाख २० हजार मुदतीआधी काढा. व्याज कापतील, कापू द्या. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही, आणि आपल्या सांगली-साताऱ्यात पतसंस्थांच्या दारात रांगा लावलेले लोक आपण पाहिलेत. आज तुमच्या घराला ती जोखीम परवडत नाही. त्यातून मेहुण्याचे १ लाख आणि आजवर त्याने भरलेलं व्याज द्या. घेत नाही म्हणाला तर सोनं सोडवायला त्याच्याबरोबर जा आणि तिथेच भरा.

उरलेले लाखभर वेगळे ठेवा, ते भावाचे. त्याला ते आत्ता नकोत, मार्चमध्ये बागेचे पैसे आलेले असतात. त्याला ते लागतील ऑक्टोबरच्या छाटणीला, औषधं आणि मजुरी एकदम अंगावर येतात तेव्हा. कमी पडतील ते चाळीस-पन्नास हजार दिवाळीच्या बोनसमधून घाला. बोनसला उशीर झाला तर ओव्हरड्राफ्टमधून उचला आणि मग भरा. पण तारीख त्याला आजच सांगा, घटस्थापनेच्या आत पूर्ण दीड लाख. मग गणपतीपुळ्याचं सांगा. तरीही तो येडा म्हणालाच, तर म्हणू द्या, धाकटा आहे.