फेडरल ग्रँट आणि रिसर्च मिसकंडक्ट: तुमचे प्रश्न

अमेरिकेत पीएचडी-पोस्टडॉक करणारी आपली मंडळी रिसर्च मिसकंडक्टबद्दल, म्हणजे संशोधनातल्या गैरप्रकारांबद्दल, तेच तेच विचारतायत, म्हणून एकत्रच उत्तरं देतेय. हे सगळं एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या पैशावर चालणाऱ्या कामाबद्दल आहे, एनएसएफ या दुसऱ्या सरकारी निधी संस्थेचे नियम वेगळे.

पेपरवरून माझं नाव काढलं. मिसकंडक्टची तक्रार करू का?
नको, ऑथरशिपचं भांडण यात बसत नाही. खोटा डेटा रचणं, आहे तो फिरवणं आणि दुसऱ्याचं चोरणं, एवढंच यात येतं.

विद्यापीठात अशा तक्रारी बघणाऱ्या रिसर्च इंटेग्रिटी ऑफिसची माणसं आली नि माझा लॅपटॉप, नोटबुकं घेऊन गेली. म्हणजे मी दोषी ठरलो? रूममेट म्हणतो ड्राइव्हवरचं जुनं सगळं उडवून टाक.
दोषी अजिबात ठरला नाहीस. तुला तक्रार कळवायच्या आधी किंवा त्याच दिवशी रेकॉर्ड ताब्यात घ्यायचं असा नियमच आहे, आणि कामासाठी कॉपी मागायचा तुला हक्क आहे, त्या लेखी माग. पण रूममेटचं ऐकून एक फाइलसुद्धा डिलीट केलीस तर मात्र मला खरंच काळजी वाटेल. तक्रार कळल्यावर मुद्दाम रेकॉर्ड नष्ट केलं हे सिद्ध झालं तर तोच मिसकंडक्टचा पुरावा धरतात, मूळ आरोप कितीही फुसका असो. ब्लॉटचे (प्रोटीन तपासणीच्या फोटोतले) दोन बँड, म्हणजे पट्टे, सारखे दिसतायत असा आरोप असेल तर तुला वाचवणाऱ्या गोष्टी दोनच, इमेजरमधून (फोटो काढणाऱ्या यंत्रातून) निघालेली मूळ टिफ फाइल, तारखेसकट, आणि नोटबुकातली त्या दिवशीची नोंद, कारण प्रामाणिक चूक मिसकंडक्ट नसली तरी ती प्रामाणिक होती हे दाखवायचं काम तुझ्यावरच येतं. ‘जागा भरली’ म्हणून रॉ डेटा उडवणारी, फक्त पॉवरपॉइंट जपणारी पोरं बघितली की जीव तुटतो. तेव्हा काही उडवू नकोस, नोटबुकात मागाहून काही लिहू नकोस, आणि उत्तर द्यायच्या आधी वकिलाला भेट.

एक कन्सल्टंट म्हणतो पैसे भरा, केस आतच मिटवतो.
फसवतोय. चौकशी संस्थेची कमिटी करते आणि पूर्ण चौकशीचा रिपोर्ट सरकारच्या ओआरआयकडे (ऑफिस ऑफ रिसर्च इंटेग्रिटी) जातोच.

चार महिने झाले, अजून प्राथमिक चौकशीच चालूय. केस दाबली का?
त्यावरून तसं म्हणता येत नाही. नव्या नियमात प्राथमिक चौकशीला 90 दिवस नि पूर्ण चौकशीला 180 दिवस आहेत, जास्त लागले तर कारण नोंदवावं लागतं. ऑफिसला लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर अंदाज बांधू नका.

पीआयच्या (लॅबच्या प्रमुखाच्या) जुन्या पेपरमध्ये गडबड दिसतेय. ग्रीन कार्ड येईपर्यंत गप्प बसू का?
सहा वर्षांपेक्षा जुनं प्रकरण सहसा घेत नाहीत, तो माणूस तोच डेटा अजून वापरत असेल तर गोष्ट वेगळी. थांबण्यात मुदत जाते आणि फाइलीही जातात. तक्रार करणाऱ्यावर सूड घ्यायला बंदी आहे, पण व्हिसाची गुंतागुंत इमिग्रेशन वकिलालाच विचारा, आणि रिसर्च इंटेग्रिटी ऑफिसरशी आधी नाव न घेता ‘समजा असं झालं तर’ एवढंच बोलून बघा, या आठवड्यातच.