एका धडकेत दोन इलेक्ट्रॉन

दादरहून अकरावीची विद्यार्थिनी विचारते: हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला 24.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) लागतात. दुसऱ्यालाही तेवढेच का नाहीत?

कारण पहिला गेला की दुसऱ्याचा आडोसा जातो. दोघं असताना एकमेकांना ढकलतात, त्यामुळे केंद्रकाची ओढ थोडी कमी जाणवते. एकट्यावर मात्र दोन प्रोटॉनांची पुरी पकड बसते, म्हणून 54.4. बेरीज 79. त्याहून कमी ऊर्जेचा, बाहेरून येऊन आदळणारा इलेक्ट्रॉन एका धडकेत दोघांना काढूच शकत नाही.

ठाण्याहून एक शिक्षक: आदळणारा एक, मग बाहेर दोन कसे?

सर, चाळीतला कॅरम आठवा. स्ट्रायकर एका सोंगटीला लागतो आणि ती सोंगटी दुसरीला उडवते, हा एक मार्ग. स्ट्रायकरच पाठोपाठ दोघींना लागतो, हा दुसरा. तिसऱ्यासाठी कॅरम अपुरा पडतो, आणि मला तोच सर्वांत सुंदर वाटतो. पहिला इलेक्ट्रॉन झटक्यात निघून गेला, तरी उरलेल्याची बैठक जुन्या अणूचीच असते. नव्या आयनात (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूत) ती नेमकी बसत नाही, आणि त्या विसंगतीतच तो कधीकधी सुटतो. त्याला कुणी धक्का दिलेला नसतो! याला ‘शेक-ऑफ’ म्हणतात. फार वेगवान माऱ्यात एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या हजार एकेरी हेलियम आयनांमागे दोन्ही गमावलेले दुहेरी जेमतेम अडीच-तीन मिळतात. वर्गात हा आकडा जरूर सांगा. मुलांना धडक कळते, तिची दुर्मिळता कळत नाही.

अंधेरीहून व्हॅक्यूमचं काम करणारे वाचक: गळती शोधताना मास स्पेक्ट्रोमीटरवर (आयनांचं वस्तुमान भागिले भार दाखवणाऱ्या यंत्रावर) 40 सोबत 20 वरही रेघ येते. निऑन आहे का?

बहुधा नाही, तो आर्गॉनच आहे. हवेत आर्गॉन 0.93 टक्के, निऑन लाखात दोन भागही नाही. यंत्रात वायूवर आदळणारे इलेक्ट्रॉन सहसा 70 इलेक्ट्रॉन व्होल्टचे असतात, आणि आर्गॉनचे दोन काढायला 43.4 पुरतात. वस्तुमान 40, भार 2, म्हणून रेघ 20 वर. त्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा 40 इलेक्ट्रॉन व्होल्टवर आणून बघा: आर्गॉनची ती रेघ जाईल. निऑनचा एक काढायला 21.6 पुरतात, तो असेल तर राहील. मात्र 18 वर पाण्याची रेघ मोठी असेल, तर जड ऑक्सिजनवाल्या पाण्याचा थोडा वाटा 20 वर उरतो, तो धरून चला.

हेलियम फवारून तपासताना हा घोळ होत नाही. त्याची दुहेरी रेघ 2 वर आली असती, पण 70 मध्ये 79 बसत नाहीत. तिथे दिसेल तो हायड्रोजन.