वाचकांचे प्रश्न : दप्तरांच्या लॉकरचा तळ आधी बघा

प्रश्न : अमळनेर तालुक्यात आमच्या शाळेची नवी इमारत होतेय. पाचवी ते सातवीच्या प्रत्येक वर्गात 60 मुलं आहेत. दप्तरांसाठी लॉकर करायचेत. पार्टिकल बोर्डाचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे) स्वस्त पडतात, पत्र्याचे महाग. टिकेल काय? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, पत्र्याचेच करा. मी जळगावात 22 वर्षं शाळांचं फर्निचर बनवतोय. पहिल्याच वर्षी एका शाळेला बोर्डाचे लॉकर करून दिले होते. रोज फरशी पुसली जायची, कडेची पट्टी सुटली, पाणी आत शिरलं आणि एका पावसाळ्यात तळ फुगून भुगा झाला. सगळे मी स्वखर्चानं बदलून दिले, पण तोवर पोरांची दप्तरं ओल्या फरशीवर पडून होती. ते मला अजून खुपतं.

पत्र्यात फसवणूक गेजवरून, म्हणजे जाडीच्या आकड्यावरून होते. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दार आणि तळ 20 गेजचे, म्हणजे साधारण 0.9 मि.मी.चे हवेत. कोटेशनवर मिलिमीटरच लिहून घ्या. पावडर कोटिंगच्या (रंगाची भुकटी भट्टीत भाजून चढवतात, त्याच्या) आधी पत्र्याचं तेल आणि गंज धुऊन फॉस्फेटिंग, म्हणजे रंग धरून ठेवणारा रासायनिक थर, झालं पाहिजे, नाहीतर रंगाचे पापुद्रे सुटतात. तळाखालीही रंग हवा. खाली 4 इंची पाय द्या, झाडू-पोछा आरपार फिरेल.

माप दप्तरावरून ठरवा. दप्तर आडवं सरकवायचं तर खण 15 इंच रुंद, 12 इंच उंच, 18 इंच खोल पुरतो. 20 फुटी भिंतीवर 16 खणांची एक ओळ बसते. चार ओळींत 64 खण, आणि पायांसकट उंची सव्वाचार फुटांच्या आसपास. पाचवीच्या मुलीचा हात वरच्या खणात सहज पोचतो. पाचवी ओळ घालू नका.

दाराला वर-खाली जाळी पाडून घ्या. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन पेटतं. शनिवारी डब्यात राहिलेलं केळं बंद पत्र्यात सोमवारी काय होतं, ते दार उघडणाऱ्या पोराला विचारा! पश्चिमेच्या भिंतीला तर लॉकर लावूच नका.

कुलूप साधं, कडी-कोयंड्याचं. बसवलेल्या कुलपांच्या किल्ल्या हरवतात, मग दार उचकटलं जातं. बिजागरी मात्र दाराच्या पूर्ण उंचीची घ्या, पोरं दाराला लोंबकळतात. आणि सगळा सांगाडा अँकर बोल्टनं भिंतीला आवळा. पोरं वर चढली तर तो अंगावर येऊ शकतो. यात पैसे वाचवू नका.

ऑर्डर देण्याआधी एकच खण करवून घ्या. सहावीतल्या एखाद्या मुलाला वह्या-पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली भरलेलं दप्तर त्यात ठेवून दार लावायला सांगा. अडलं तर माप वाढवा, आणि मगच बाकीचे सांगा.