‘गेले द्यायचे राहून’ या कवितेतील प्रतिमा आणि भाववृत्ती कशी उलगडावी?

आरती प्रभू (चिं. त्र्यं. खानोलकर) यांच्या या कवितेत प्रतिमांचा उतरता प्रवास पाहावा: आरंभी नक्षत्रांचे देणे द्यायचे राहून जाते, हाती उरतात केवळ कळ्या आणि थोडी ओली पाने, आणि अखेरीस त्यांचेही निर्माल्य व पाचोळा होतो. माझ्या मते सारी वेदना ‘निर्माल्य’ या शब्दात एकवटली आहे, कारण निर्माल्य होते ते देवाला वाहिलेल्या फुलांचे. या कळ्या मात्र न उमलता, न वाहताच सुकल्या. त्यामुळे भाववृत्ती तक्रारीची नाही. ‘देणे’ म्हणजे भेट आणि ऋणही. म्हणून प्रिय व्यक्ती दुरावल्याच्या दुःखापेक्षा तिचे ऋण फेडायचे राहिल्याची बोच येथे अधिक खोल आहे. ‘गेले’ हे क्रियापद ओळीच्या आरंभीच येते, हेही लक्षात घ्यावे.