रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यात घालायला वेणीची वीण असलेला बिनबाह्यांचा टॉप सुती दोऱ्यात विणता येईल का?

हो, नक्की येईल, पण वेण्या अंगभर घालू नका. पुढच्या बाजूला मधोमध एकच घ्या आणि बाकी सगळं साधं सुलट विणा. वेणीत टाके एकमेकांवर चढतात, तिथे कापड दुहेरी जाड होतं आणि घाम वाळत नाही. असे टॉप मी विणले आहेत, मे महिन्यात घातलेही आहेत. अ‍ॅक्रिलिक घामाने अंगाला चिकटतं, त्यामुळे सुतीच बरं.

8 नंबरच्या सुया, सहा टाक्यांची वेणी, दोन्ही कडांना दोन-दोन उलट टाके. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे धरलेत तर वेणी डावीकडे वळते, मागे धरलेत तर उजवीकडे. दर आठव्या ओळीला असा पीळ द्या. सुती दोरा लोकरीसारखा ताणत नाही, म्हणून पिळाच्या आधीची ओळ जरा सैल विणा, नाहीतर सुई टाक्यांत शिरता शिरत नाही. वेणी रुंदी खेचून घेते. प्रत्येक वेणीमागे एक-दोन टाके वाढवा. आधी वेणीसकट वीतभर नमुना विणा, धुऊन वाळवा, मगच मोजा.

एक मात्र आहे: सुती कापड स्वतःच्या वजनाने खाली ओघळतं. बगलेचं माप थोडं आखूडच ठेवा आणि धुतल्यावर दोरीवर टांगू नका, टॉवेलवर पसरून वाळवा. पावसाळ्यात टॉप दोन दिवस ओलाच राहतो.