साठ-सत्तर हजारांत पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, आणि फोटोग्राफी शिकावी कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याला राहता, आजवर मोबाइलवर फोटो काढले, आता छंद म्हणून नीट शिकायचं आहे. जत्रा, दशावतारी काले (देवळासमोर रात्री होणारी दशावतारी नाटकं), चवथीला म्हणजे गणेश चतुर्थीला जमणारी घरची माणसं आणि जमलं तर पक्षी काढायचे आहेत. हातात साठ-सत्तर हजार आहेत. आताच कॅमेरा घ्यावा, की फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या महागड्या कॅमेऱ्यासाठी, आणखी पैसे साठवावेत? आणि क्लास लावावा का?

थांबू नका. एपीएस-सी सेन्सरची (उजेड टिपणारा हा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असतो) साधी मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली बॉडी घ्या. जे पैसे उरतील त्यात मोठ्या अ‍ॅपर्चरची, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी, एक प्राइम (झूम न होणारी) लेन्स आणि ती ठेवायला कोरडा डबा घ्या. मी डिचोलीला राहते आणि बरीच वर्षं जत्रा आणि रात्रीचे काले काढत आले आहे, त्यामुळे उदाहरणंही तिथलीच देते.

देवळासमोरच्या मंडपात काला चालू आहे. उजेड म्हणजे समोरून मारलेले दोन-तीन दिवे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ किंवा ६.३ वर येऊन थांबतं (आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान). आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) ६४०० ठेवूनही शटर १/३० सेकंदाच्या आसपासच मिळतं. उभं राहून संवाद म्हणणारा राजा त्यात येईल, पण राक्षसाने गिरकी घेतली की फोटोत नुसता रंगाचा फराटा. त्याच जागी, त्याच उजेडात लेन्स एफ २ ला उघडली तर शटर १/२५० होतं. ५.६ वरून ४, ४ वरून २.८, २.८ वरून २ असे हे तीन स्टॉप, आणि प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे एकूण आठपट.

आता फुल फ्रेमचा हिशेब बघा. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त, म्हणजे कमी उजेडात फायदा सव्वा स्टॉपचा. हा फायदा खरा आहे, कोणी नाकारू नये. पण स्वस्तातली प्राइम लेन्स तीन स्टॉप देते आणि कितीतरी महागडी बॉडी सव्वा स्टॉप देते. शिवाय फुल फ्रेम बॉडी घेताना सगळे पैसे तिच्यातच संपले, तर पुढे लागणार ती पुन्हा अंधारी किट लेन्सच. म्हणून माझं ठाम मत आहे की छंदाच्या पहिल्या काही वर्षांत पैसा काचेवर, म्हणजे लेन्सवर घालावा.

बॉडी कोणती याला मी फार वेळ देणार नाही. कॅननची आर ५०, निकॉनची झेड ५० किंवा सोनीची ६४००, यांतली कुठलीही चालेल. तिन्हींतला ऑटोफोकस डोळे ओळखतो आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) तिन्ही देतात. दुकानात जाऊन तिन्ही हातात धरून बघा. पकड, व्ह्यूफाइंडर आणि शटर-अ‍ॅपर्चरच्या चकत्या ज्यात तुमच्या बोटांना सहज सापडतील ती घ्या, कारण काल्याच्या अंधारात बटणं चाचपूनच शोधावी लागतात. बॉडीच्या आत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) यांपैकी एकीतही नाही, हे लक्षात ठेवून हात स्थिर धरायची सवय लावा.

डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेले आधीच्या पद्धतीचे कॅमेरे, सेकंडहँड स्वस्तात मिळतात आणि शिकायला अजूनही उत्तम आहेत. फक्त कॅनन आणि निकॉन या दोघांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले, त्यामुळे नव्या लेन्स आता मिररलेससाठीच निघतात. निकॉनचा डी ५६०० वगैरे घेत असाल तर त्या बॉडीत फोकस मोटर नसते हे विसरू नका. ‘डी’ मालिकेची जुनी ५० मिमी लावली तर ऑटोफोकस चालणार नाही, एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच लेन्स बघा.

प्राइम कुठली, हे मात्र तुम्ही कुठे उभे राहणार त्यावर ठरतं. कॅननची आरएफ ५० मिमी एफ १.८ खिशाला परवडते. एपीएस-सीवर ती फुल फ्रेमवरच्या ८० मिमीसारखी दिसते, म्हणजे काल्यात तिसऱ्या-चौथ्या रांगेतून चेहरा भरून येतो. पण हीच लेन्स चवथीला घरात लावलीत तर पाठ भिंतीला टेकेल तरी माटोळी (गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची आरास) आणि खाली बसलेली माणसं एका फ्रेममध्ये मावणार नाहीत. घरासाठी २४ ते ३५ मिमी हवी. निकॉन घेतला तर त्यांची २४ मिमी एफ १.७ या कामाला फार छान आहे. तुमच्या यादीत चवथ आणि काला दोन्ही आहेत, तेव्हा वर्षातून जास्त वेळा जे काढाल त्याची लेन्स आधी.

चवथीबद्दल एक सांगायचंच आहे. माटोळीचा फोटो हा उजेडाचा फार चांगला धडा आहे. एका बाजूने खिडकीतला पावसाळी निळसर उजेड येतो, वरून पिवळा बल्ब असतो, आणि मखराला लावलेली रंगीत एलईडीची माळ तिसरीच. कॅमेऱ्याला यातला खरा पांढरा कुठला ते कळत नाही आणि गणपतीचा चेहरा कधी निळा, कधी पिवळा येतो. घरच्यांना विनंती करून दोन मिनिटं बल्ब आणि माळ बंद करा, दार-खिडक्या उघडा आणि खिडकीच्या बाजूने तिरपे उभे राहा. नारळाच्या करवंटीवरचे धागे, सुपारीच्या घोसाचा हिरवा-केशरी रंग, कांगलां या रानफळांची तांबडी साल, सगळं एकेक वेगळं दिसायला लागेल. मग बल्ब लावून पुन्हा काढा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. व्हाइट बॅलन्स त्या दोन फोटोंतच कळून जातो.

काल्याकडे परत येते, कारण तिथे आणखी एक अडचण हमखास येते. एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे काळसर पट्टे उमटतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सायलेंट म्हणजे पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा, शटर १/१०० किंवा १/५० ठेवा आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. आता तुम्ही म्हणाल, १/१०० मध्ये गिरकी कशी पकडायची? पखवाज ऐका. गिरकी संपते तिथे थाप पडते आणि नट क्षणभर तलवार रोखून थांबतो. त्या थापेवर बोट दाबलं की १/१०० पुरतं. काल्याचं संगीत जाणणाऱ्याला इथे महागड्या कॅमेऱ्यावाल्यापेक्षा चांगले फोटो मिळतात, हे मी खात्रीने सांगते. फ्लॅश मात्र कधीच मारू नका, नटाच्या डोळ्यांवर तो थेट येतो.

खेळ सुरू व्हायच्या आधीच जा. दशावतारी नट आपली रंगभूषा स्वतःच करतात. पेटाऱ्यावर बसून, हातात छोटा आरसा धरून, एका बल्बखाली चाललेलं ते काम बघण्यासारखं असतं. आधी परवानगी विचारा, थोडा वेळ कॅमेरा न काढता नुसते बसा. मग कोणी तुमच्याकडे लक्ष देत नाही आणि खरे चेहरे मिळतात. देवळाच्या गाभाऱ्यात बहुतेक ठिकाणी फोटो काढू देत नाहीत. तिथे विचारूनही आग्रह धरू नये.

पक्ष्यांसाठी सध्या खर्च करू नका, असंच मी म्हणेन. ५५-२१० किंवा ५०-२५० मिमीच्या स्वस्त झूम मिळतात, पण चोडणच्या सलीम अली अभयारण्यात खारफुटीवर बसलेला खंड्या त्यांतूनही ठिपक्याएवढाच येतो. फक्त पक्षीच काढायचे असते तर मी निकॉन पी ९५० सारखा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, लांब झूमचा) सुचवला असता. त्याची झूम २००० मिमीइतकी जाते, पण सेन्सर अगदी लहान असल्यामुळे काल्याच्या उजेडात तो निरुपयोगी. तोवर चोडणला ओहोटीच्या वेळी जा आणि वाटेच्या कडेच्या चिखलात बघा. निवटे उड्या मारत असतात, एक नांगी भली मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती हलवत असतात. गुडघ्यावर बसून, न हलता वाट पाहिली तर साधी झूमही पुरते.

आता कोरड्या डब्याबद्दल. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातली हवा सतत दमट असते. अशा हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरतात आणि वाढू दिली तर काचेवरचं कोटिंग ती कायमचं खाते. कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवणं यावर उपाय नाही, उलट तिचं कापड आणि फोम ओल धरून ठेवतात. झाकणाला रबर असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. अगदी २०-२५ पर्यंत सुकवणंही बरं नाही, रबर आणि वंगण कोरडं पडतं. सिलिकाचा रंग बदलला की मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते. वीजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट पुढे लेन्स वाढल्यावर घ्या. पावसाळ्यातही कॅमेरा बाहेर काढून वापरत राहा, वापरातल्या लेन्सवर बुरशी कमी धरते.

एसी गाडीतून उतरल्या-उतरल्या कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर लगेच वाफ धरते. पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. मिरामारला किंवा कुठल्याही किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसा आणि मग कोरड्या कापडाने. खारं वारं फ्लॅशच्या खाचेचा धातू बघता बघता गंजवतं.

याच कारणाने सेकंडहँड लेन्स गोव्यात किंवा कोकणात घेताना मोबाइलची टॉर्च घेऊन जा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धूळ दिसली तर घाबरू नका, धागे दिसले तर परत द्या. बॉडीचा शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, विचारा. सुरुवातीच्या वर्गातल्या डीएसएलआरचं शटर साधारण एक लाख क्लिकपर्यंतचं धरलेलं असतं.

शिकण्याची सुरुवात मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनपासून (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) करायला सांगेन, कारण मोबाइलवरून आलेल्याला तिथेच पहिला अडथळा येतो. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. पणजीचं पांढरंशुभ्र इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्च फ्रेमभर घेतलंत तर ते मळकट येईल, +१ करा. तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर काळ्या बेसॉल्टचं, रानाच्या सावलीत. तिथे कॅमेरा उजेड वाढवतो आणि दगड राखाडी होतो, तिथे −१. एका महिन्यात या दोन्ही ठिकाणी जाऊन या. मीटर कसा विचार करतो ते मग पुस्तक न वाचता कळेल.

त्यानंतर एकच लेन्स लावून एकाच जागी पुन:पुन्हा जा. मला रायबंदर-चोडणची फेरीबोट यासाठी फार आवडते. काही मिनिटांच्या त्या प्रवासात सगळं आहे: रॅम्प खाली आली की एकदम सुटणाऱ्या स्कूटर, कठड्याला टेकून उभी माणसं, पाण्यावरून खालून येणारा उजेड. एका दिवशी शटर १/१५ ठेवून कॅमेरा स्कूटरसोबत फिरवा, दुसऱ्या दिवशी १/५०० ठेवून त्याच स्कूटर गोठवा. फोटो मोठ्या पडद्यावर बघा आणि रॉ फाइल डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. ते फुकट आहे.

क्लासबद्दल. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ शिकवणारा क्लास नको, ते वर लिहिलेल्या सरावातून काही आठवड्यांत येतं. ज्या शिबिरात तुमचेच फोटो समोर लावून त्यांवर तास-दोन तास बोललं जातं, तिथे पैसे जरूर द्या. नाव घालण्यापूर्वी तेवढं एकच विचारून घ्या. असं शिबिर जवळपास नसेल तर फोटोचं वेड असलेले दोघं-तिघं गाठा, महिन्यातून एकदा भेटा आणि प्रत्येकाने दहाच फोटो छापून आणायचे असं ठरवा. दहा निवडताना बाकीचे का गळले ते सांगावं लागतं. फोंडा-डिचोली काही लांब नाही, तुमच्या गटात जागा असेल तर मीही यायला तयार आहे.