भरपाईचं नंतर बघू, आधी हार्डडिस्क

पार्किंगमधून दुचाकी चोरीला गेली त्याला नऊ दिवस झाले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात सीसीटीव्ही फुटेज फक्त पोलिसांना देऊ, पोलीस म्हणतात बघतो. आणि तुम्ही विचारता, सिक्युरिटी एजन्सीकडून भरपाई मिळेल का? अशी पत्रं सतत येतात आणि प्रत्येकात हाच प्रश्न पहिला असतो.

तुमचं सगळं सोसायटीच्या डीव्हीआरवर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर अडलंय. आठ कॅमेरे प्रत्येकी 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) अखंड चालत असतील, तर दिवसाला सुमारे 170 जीबी चित्रण साठतं. 2 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जाऊ लागतं. त्यातले नऊ दिवस तुम्ही तोंडी विचारण्यात घालवलेत.

आजच सोसायटीला लेखी अर्ज द्या. तारीख, कितीपासून कितीपर्यंत, कोणते कॅमेरे हे स्पष्ट लिहा. प्रत मागू नका, 'चित्रण जपून ठेवावे' एवढंच मागा. त्याला नकार द्यायला कारण सापडत नाही. शिक्क्यासह पोच घ्या, न दिल्यास ईमेल आणि स्पीड पोस्ट. डिस्क काढून सील करून नवी बसवणं सर्वांत उत्तम. खर्चावरून अडत असेल तर तो तुम्ही करा.

अर्जाची प्रत पोलीस ठाण्यात द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली ठाण्याचे प्रभारी अधिकारी फुटेज मागवू शकतात. पत्रात एफआयआर क्रमांक नाही, नुसतं 'तक्रार दिली' आहे. गुन्हा नोंदवत नसतील तर कलम 173(4) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, मग दंडाधिकारी. तिथे तारखांवर तारखा पडतील; डिस्क तोवर थांबणार नाही.

मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून समाधान मानू नका. प्रत पुराव्यात यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र लागतं: भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, सोबत हॅश, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकी ठसा. प्रत काढताना डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढेमागे आहे तेही लिहून घ्या. बचाव पक्ष हमखास तिथेच बोट ठेवतो.

एजन्सीचा करार सोसायटीशी आहे, तुमच्याशी नाही. त्यात 'नोंदीशिवाय वाहन बाहेर सोडू नये' असं कलम असेल तर काही आशा. मोघम 'देखरेख' असेल तर कठीण. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, तिथे घाई नाही. विमा कंपनीला मात्र अजून कळवलं नसेल तर आजच कळवा.